कामिनी, आनंदघन आणि आत्याचं मानपत्र

मानपत्रात ‘सौ.’ छापलं होतं. आतोबांना जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. आत्यानं चष्मा नाकावर नीट बसवला, ती ओळ पुन्हा एकदा वाचली आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, “बघ गं, आज ह्यांना परत आणलं या लोकांनी.”

मिरजेतला एक हॉल, आठ मार्चची संध्याकाळ. पत्रिकेत पाचची वेळ होती, सुरुवात साडेसहाला झाली, कारण प्रमुख पाहुण्या सांगलीहून यायच्या होत्या आणि सांगली-मिरज हे अंतर समारंभाच्या दिवशी फार वाढतं. स्टेजवर सात लाल खुर्च्या, सात बायका, सातही जणींना गुलाबी फेटे. कुणाचा बचत गट, कुणाचं पोळीभाजी केंद्र, कुणाचा योगवर्ग. ‘संगीत क्षेत्रातील भरीव योगदान’ आमच्या आत्याच्या वाट्याला आलं होतं.

निवेदिकेनं तिची ओळख करून दिली ती अशी: हायस्कूलात गणित शिकवणाऱ्या अमुक सरांच्या त्या पत्नी, मुलगा बंगळुरात इंजिनिअर, सूनबाई डॉक्टर, आणि “संसार सांभाळून त्यांनी गाण्याची आवड जोपासली.” आवड! बेचाळीस वर्षं ही बाई गांधर्वच्या संगीत-परीक्षांना मुली बसवतेय. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. विशारदच्या मुली ती दुसऱ्यांकडे पाठवायची. म्हणायची, तेवढं माझं नाही. माजघरात सतरंजी, भात्याला दोन ठिकाणी ठिगळं लावलेली पेटी, आणि संध्याकाळी चार ते आठ ओळीनं अलंकार. मला विचाराल तर आमच्या अर्ध्या गल्लीला भूप राग तिच्यामुळे माहीत आहे, शिकलेल्या आणि न शिकलेल्या सगळ्यांना.

मग म्हणाले, एखादं गाणं होऊ दे, थोडक्यात. ‘पेटीची सोय आहे’ असं आधी फोनवर सांगितलं होतं. पेटी म्हणजे कुणाच्या तरी नातवाचा कॅसिओ निघाला. आत्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग माइक हातात घेतला आणि सूर मनातूनच उचलला. पूर्वी ती काळी पाचच्या पट्टीत गायची, आता वयानं पांढरी पाचवर उतरलीय. पण गाण्याआधी तिनं तिच्या नेहमीच्या सवयीनं घोषणा केली. ही सवय आकाशवाणी सांगलीची. पूर्ण तपशील सांगितल्याशिवाय गाणं सुरू करायचंच नाही. म्हणाली, “चित्रपट साधी माणसं. संगीत, आनंदघन.” आणि ‘ऐरणीच्या देवा’ म्हटलं.

टाळ्या झाल्या. खाली उतरल्यावर पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी तिला विचारलं, “हे आनंदघन म्हणजे कोण हो? त्यांचं बाकी काही ऐकलं नाही कधी.” आत्या हसली आणि म्हणाली, “गाणारीच की ती.”

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात मानपत्र कमी आणि त्या गृहस्थांचा प्रश्न जास्त होता. पुरस्कार कुणाला द्यायचा हे ठरण्याच्या आधी एक अगदी साधी गोष्ट लागते. काम कुणाचं आहे हे कुठंतरी लिहिलेलं असावं लागतं. आपल्याकडच्या गाणाऱ्या बायकांचा निम्मा झगडा त्या एका ओळीसाठी झालाय, असं मला हल्ली वाटायला लागलंय.

गायिका गौहर जानची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. नोव्हेंबर १९०२, कलकत्ता. भारतातल्या पहिल्यावहिल्या ध्वनिमुद्रणांपैकी तिची. गाणं संपताना ती एकदम इंग्रजीत ओरडते, ‘माय नेम इज गौहर जान!’ लहानपणी मला तो तोरा वाटायचा. नंतर कळलं की त्याचं कारण रोकडं होतं: मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कुणाची हे कळावं म्हणून गाणाऱ्यांनी शेवटी आपलं नाव सांगायचं. पण कारण काही असो, आज ते ऐकताना गाण्याइतकंच ते नाव अंगावर येतं. व्यवहाराच्या सोयीसाठी का होईना, एका बाईला स्वतःचं नाव स्वतःच्या आवाजात नोंदवायला मिळालं होतं.

सत्तेचाळीस वर्षांनी, १९४९ मध्ये, ‘महल’ आला. ‘आयेगा आनेवाला’ची तबकडी बाजारात आली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव होतं ‘कामिनी’. कामिनी म्हणजे पडद्यावर मधुबालानं केलेलं पात्र! गाणारी वीस वर्षांची मुलगी होती आणि तिचं नाव तबकडीवर घालण्याची कुणाला गरज वाटली नव्हती. तेव्हाचा रिवाजच तसा होता. मग रेडिओकडे पत्रं जायला लागली, ही कामिनी कोण? तेव्हा कुठं लता मंगेशकर हे नाव लोकांपर्यंत पोचलं. मला त्या पत्रं लिहिणाऱ्यांचं फार कौतुक वाटतं. पोस्टकार्ड आणायचं, शाई भरायची, पत्ता शोधायचा, कशासाठी, तर गाणाऱ्याचं नाव कळावं म्हणून. या देशात गायिकेला मिळालेला पहिला लोकपुरस्कार मी तरी त्या पोस्टकार्डांनाच म्हणेन.

हीच मुलगी पुढे सात-आठ वर्षांनी अडून बसली. ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं होतं, शंकर-जयकिशनना समारंभात ‘रसिक बलमा’ हवं होतं, आणि लताबाईंनी गायला नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे ना, मग वाजवून घ्या, गाण्याला कुठं पुरस्कार आहे, असा एकंदर सूर. पार्श्वगायनाचा विभागच तेव्हा नव्हता. तो १९५९ मध्ये सुरू झाला आणि पहिला मिळाला ‘मधुमती’तल्या ‘आजा रे परदेसी’साठी लताबाईंनाच.

एक गोष्ट इथं नेहमी नजरेतून सुटते. त्यांनी बायकांसाठी पुरस्कार मागितलाच नव्हता. त्यांनी गाणाऱ्यांसाठी मागितला, धंद्यातल्या एका कामासाठी मागितला, आणि रफी, मुकेश, महेंद्र कपूर सगळे त्याचे वाटेकरी झाले. सुरुवातीला हा एकच पुरस्कार होता, स्त्री-पुरुष दोघांत मिळून. १९५९ ते १९६७ अशा नऊ वर्षांत तो तीनदा बाईला मिळाला आणि तिन्ही वेळा ती बाई एकच होती. आशा भोसले त्या नऊ वर्षांत गात नव्हत्या का? गीता दत्त नव्हत्या? सुमन कल्याणपूर नव्हत्या?

मग ‘सूरज’चं वर्ष आलं. शारदा नावाच्या नव्या, जरा बालिश वाटणाऱ्या आवाजाच्या मुलीचं ‘तितली उडी’ आणि रफीसाहेबांचं ‘बहारों फूल बरसाओ’ यांच्यात चुरस लागली. पुरस्कार रफींना गेला, पण पुढच्या समारंभापासून, म्हणजे १९६८ पासून, गायक आणि गायिका असे दोन विभाग झाले. बायकांच्या विभागातली पहिली दोन वर्षं आशाताईंची. १९७० मध्ये लताबाईंना मिळालं आणि त्यानंतर त्यांनीच नव्यांना वाव द्या म्हणून स्वतःचं नाव बाजूला घेतलं. १९७१ मध्ये ते शारदाला मिळालं. १९७९ मध्ये सातवं मिळाल्यावर आशाताईही तसंच म्हणाल्या.

कॉलेजात असताना मी ‘महिला गटातला’ पुरस्कार या कल्पनेवर नाकं मुरडणाऱ्यांतली होते. गाणं ते गाणं, त्यात बाई-पुरुष कसला, वगैरे. आता ती नऊ वर्षांची यादी बघते आणि गप्प बसते. दार एकच असलं की त्यातून एकच बाई आत जाते आणि बाकीच्यांना सांगितलं जातं, बघा, दार तर उघडंच आहे.

संगीतकारांचं दार तर त्याहून चिंचोळं. बॉम्बे टॉकीजची पाटी आठवते? संगीत: सरस्वती देवी. ‘अछूत कन्या’, १९३६. या सरस्वती देवींचं खरं नाव होतं खुर्शीद होमजी. पारशी घरातली मुलगी सिनेमात जाते म्हणून मुंबईत समाजानं गदारोळ केला, तेव्हा हिमांशु रॉय यांनी तिचं नाव बदललं आणि तिच्या बहिणीचंही. सरस्वती या नावानं तिनं चाली केल्या, वाद्यवृंद उभा केला, न गाणाऱ्या नटांकडून गाणी म्हणून घेतली. पुरस्कारांचा जमाना सुरू होईपर्यंत तिचा काळ सरलाही होता. उषा खन्ना १९५९ मध्ये ‘दिल देके देखो’ घेऊन आल्या आणि पुढे कितीतरी चित्रपट करत राहिल्या. फिल्मफेअरचं नामांकन त्यांना मिळालं ते ‘सौतन’साठी, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षांनी. ट्रॉफी नाही मिळाली.

आणि मग आनंदघन. भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना लताबाईंनी साठच्या दशकात संगीत दिलं, ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’. नाव घेतलं पुरुषी वाटणारं, किंवा निदान बाईचं न वाटणारं. का घेतलं असेल? तोवर त्या लता मंगेशकर झालेल्या होत्या, नाव लपवण्याची वेळ त्यांच्यावर यावी असं काही नव्हतं. की होतं? गाणारी म्हणून देशानं डोक्यावर घेतलेल्या बाईलाही चाल बांधणारी म्हणून उभं राहताना आडोसा हवासा वाटला, हे मला अजून नीट पचलेलं नाही. बरं, त्या चाली ऐका. ‘ऐरणीच्या देवा’त भाता, ठिणगी, लोहाराचं घर हे सगळं ठेक्यातच आहे, शब्द काढून टाकले तरी घण ऐकू येतो. आत्या पोरींना हे गाणं शिकवताना आधी नुसता ठेका मांडीवर मारायला लावायची, पंधरा-पंधरा मिनिटं. मांड्या लाल व्हायच्या.

‘साधी माणसं’ला राज्य पुरस्कारांत संगीताचा पुरस्कार मिळाला. समारंभात नाव पुकारलं: आनंदघन. कुणी उठेना. हा किस्सा लोकांनी इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलाय की त्यातलं मीठमसाला कोणता हे आता कळत नाही, पण एक गोष्ट सगळ्यांत सारखी आहे. लताबाई सभागृहात बसलेल्या होत्या, गप्प, आणि शेवटी निवेदकानंच सांगून टाकलं की आनंदघन म्हणजे याच. पुरस्कारानं माणसाला मोठं करणं वगैरे ठीक आहे. इथं पुरस्कारानं एका बाईला तिच्याच नावावर परत आणलं.

शास्त्रीय संगीतात वेगळीच तऱ्हा. तिथं नाव असतं, पण त्याच्या आगेमागे काय लावायचं याचा घोळ. गंगूबाई हनगल यांचा टोमणा प्रसिद्ध आहे: मुसलमान पुरुष गाऊ लागला की उस्ताद होतो, हिंदू असला की पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाई मात्र बाईच राहतात. स्वतः गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर ‘गांधारी हुबळी’ असं नाव आहे. पुढे पद्मभूषण, संगीत नाटक अकादमी, २००२ मध्ये पद्मविभूषण, सगळं मिळालं. पण त्या टोमण्यातलं हसू गेलं नाही.

मला स्वतःला ‘बाई’ आवडतं, हेही सांगून टाकते. विदुषी म्हटलं की समोर कुणीतरी व्याख्यान द्यायला बसलंय असं वाटतं. आणि गोव्याकडच्या या बायकांच्या नावात जे आहे ते मला फार देखणं वाटतं. केरीची केरकर, कुर्डीची कुर्डीकर. नावात गाव आहे. मोगूबाईंचं कुर्डी तर साळावलीच्या धरणाखाली गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, जुनी माणसं देवळापाशी जाऊन येतात, पावसाळ्यात पुन्हा पाणी. बाकी वर्षभर ते गाव मोगूबाईंच्या नावातच असतं म्हणायचं.

केसरबाईंना कोलकात्याच्या रसिकांनी ‘सूरश्री’ ही पदवी दिली. पुढे १९५३ मध्ये अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण, महाराष्ट्राची राज्यगायिका. सरकारी सन्मान सगळे रीतसर. पण १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’, आणि गाण्यांच्या अधिकृत यादीत गायिकेचं नाव नोंदलंय ते ‘सूरश्री केसरबाई केरकर’ असं. ना पद्म, ना अकादमी. रसिकांनी प्रेमानं दिलेली पदवी तेवढी सूर्यमालेबाहेर गेली. दोनांपैकी नंतरचं यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. आयुष्यभर रेकॉर्ड काढून देण्याच्या बाबतीत त्या अतिशय चिकट होत्या. ही एक तबकडी मात्र त्यांना परत मागवता येणार नाही.

उशीर हा आपल्या पुरस्कारांचा जुना रोग. ज्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणून महाराष्ट्र पन्नासेक वर्षं ओळखत होता, त्या सुलोचना चव्हाणांना पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्या गेल्या. २०२३ च्या यादीत दोन नावं होती, सुमन कल्याणपूर आणि वाणी जयराम, दोघींना पद्मभूषण. सुमनताईंचं अख्खं आयुष्य, लोकांनी त्यांचं गाणं ऐकून लताबाईंचं नाव घ्यावं यात गेलं. रेडिओवरसुद्धा ही चूक व्हायची. वाणी जयराम मूळच्या वेल्लोरच्या, पण गाण्याची वाट मुंबईत सापडली, आणि वसंत देसाईंनी त्यांना पहिल्यांदा गायला लावलं ते मराठीत, कुमार गंधर्वांबरोबर. तीन राष्ट्रीय पुरस्कार नंतरचे, तेही दक्षिणेतल्या गाण्यांसाठी. पद्मभूषण जाहीर झालं प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या संध्याकाळी. ४ फेब्रुवारीला त्या चेन्नईच्या घरी गेल्या. दहा दिवस.

विठाबाई नारायणगावकरांबद्दल लिहायला बसलं की मला दरवेळी लाज वाटते. राष्ट्रपतींकडून गौरव झालेली तमाशातली ही बाई, फडावर नाचता नाचता आत जाऊन बाळंत झालेली आणि पुन्हा बोर्डावर आलेली. लोक ती गोष्ट शौर्यकथेसारखी सांगतात. मला ती ऐकताना तिकीट काढून बाहेर बसलेल्या माणसांचे चेहरे दिसतात. शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ मध्ये त्या वारल्या. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. म्हणजे जे नाव पुरस्काराला पुरलं, त्या नावाच्या बाईला पुरलं नाही.

गणपतीत पुन्हा मिरजेला गेले. माजघरात चार मुली, प्रवेशिका प्रथमच्या, दुर्गा राग चालला होता. एक पोरगी सारखी धैवत चढा लावत होती आणि आत्या न ओरडता पेटीवरची तीच पट्टी पुन्हा पुन्हा दाबत होती. सत्काराची शाल पेटीवर झाकायला आली होती, छान काठाची. नारळाच्या वड्या त्याच आठवड्यात झाल्या होत्या म्हणे, नारळ चांगला निघाला होता.

“आणि मानपत्र?” मी विचारलं.

तिनं हनुवटीनं भिंतीकडे दाखवलं. फ्रेम तीच होती, सोनेरी कडेची, काच नवीकोरी. आत मात्र एक जुना, कडा पिवळ्या पडलेला फोटो. नऊवारीतली, मांडीवर तंबोरा घेतलेली एक बारीकशी बाई, कॅमेऱ्याकडे न बघता कुठंतरी खाली बघणारी. आत्याच्या गुरू. आम्ही पोरंटोरं त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचो. त्यांचं पुढचं-मागचं नाव मला माहीतच नव्हतं आणि ते मी कधी विचारलंही नव्हतं.

“मानपत्र आहे की मागे,” आत्या म्हणाली. “फोटो सारखा वाकत होता. जाड कागद आहे, पुठ्ठ्यासारखा बसला.”

फोटोखाली आत्याच्या अक्षरात संपूर्ण नाव होतं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. आधी पेन्सिलीनं लिहून मग वरून शाईनं गिरवलेलं.

धैवतवाल्या पोरीनं मान वर करून विचारलं, “आजी, ह्या कोण?”

आत्यानं तिला नाव सांगितलं. पोरीला जोडाक्षर जमेना, म्हणून दोनदा म्हणून घेतलं. मग भाता उघडला आणि म्हणाली, “हं. आता सा लाव.”